येळवशीच्या पंगतीतला फोटो

आमच्या रानाच्या सातबाऱ्यावर मायचं नाव आहे. हे सगळ्या गावाला माहीत आहे. दादा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी शेतकऱ्यांच्या सभांची पत्रकं सायकलवरून गावोगाव वाटायचे. त्यातल्या एका पत्रकात छापलं होतं, जमीन बायकोच्या नावावर करा. लोकांच्या हातात तो कागद द्यायचा आणि स्वतः मात्र करायचं नाही, हे दादांना जमेना. तेव्हापासून पारावरचे लोक त्यांना ‘मालकिणीचा गडी’ म्हणतात. दादा म्हणतात, “गडी तर गडी. येळंवर जेवायला मिळतंय.” मी त्याच पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर अक्षरं गिरवली. पुढची बाजू वाचायला लागले ती नंतर, आणि मग ती डोक्यातून गेलीच नाही.

आमचं गाव गंगाखेड तालुक्यात. रानात ज्वारी, हरभरा, थोडी तूर आणि एक विहीर. विहिरीच्या पश्चिमेच्या कपारीतून झरा येतो. भर उन्हाळ्यात तो करंगळीएवढा होतो, पण थांबत नाही. आमचं सगळं त्या करंगळीवर चालतं.

गेल्या हिवाळ्यात तेलवाले आले. गाव त्यांना तेलवाले म्हणतं. खरं तर खडकाखाली गॅस आहे का, हे शोधणाऱ्या कंपनीचे ते ठेकेदार. जागोजाग बोअर मारायचा, त्यात सुरुंग उडवायचा आणि जमिनीला बसलेल्या हादऱ्यावरून खाली काय आहे ते ताडायचं, अशी त्यांची पद्धत. एका सकाळी रानात गेलो तर लाल फीत बांधलेली खुंटी ठोकलेली दिसली. विहिरीला लागून, नेमकी झऱ्याच्या अंगाला. आम्हाला ना नोटीस, ना कुणाचा निरोप.

माय खुंटीकडे बघत उभी राहिली. “हादऱ्यानं झरा सरकला तर?” एवढंच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात येळवस होती. वेळ अमावास्येला आमच्याकडे सगळं गाव रानात जेवतं. कडब्याची खोप करतात, आत चुना लावलेले पाच दगड मांडून पुजतात, मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यात आंबवलेली, प्यायली की झोप आणणारी आंबील. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून पंगतीत बसवतात. रानात आलेला माणूस न जेवता गेला, तर घरच्यांना ते दिवसभर टोचत राहतं. तेलवाल्यांचं मशीन नेमकं त्याच दिवशी बांधाशी येऊन थांबलं.

त्यांचा सुपरवायझर नागपूरकडचा, माझ्याच वयाचा. “काका, थोडंच काम आहे, लगेच आटोपतो,” तो म्हणाला.

“कामाचं राहू द्या हो,” दादा म्हणाले. “आज येळवस हाय. आदी जेवा, मग बघू.”

तो बूट काढून, ड्रायव्हर आणि मजुरांसकट, पंगतीत बसला. माय वाढत होती. आंबील त्याला फारच आवडली.

“मावशी, हे ताकच आहे ना?”

“पी गुमान. पोटाला गार पडंल.”

शेजारी बसलेले चुलते म्हणाले, “सायेब, तिसरा गिलास हाय. आता मशीन न्हाई, घोरणं चालू हुतंय बगा.”

पंगत हसली. ड्रायव्हरनं उठून सगळ्यांचा फोटो काढला. जेवण अंगावर आल्यावर मंडळी मशीन घेऊन निघून गेली आणि तो दिवस तसाच सरला.

दोन दिवसांनी ते तलाठ्याला घेऊन परत आले. सुपरवायझरनं मोबाईल पुढे केला. “काकांची संमती आहे. एकत्र जेवलो, हा फोटो. वर पाठवलाय.”

दादांचा चेहरा उतरला. “अहो, मी ‘मग बघू’ म्हणलो होतो.”

मी पुढे झाले. “खालचा गॅस सरकारचा, मान्य. शोधायचा परवाना सरकारनं दिला, तेही मान्य. पण वरचं रान, उभं पीक आणि विहीर आमची आहे. आत पाय ठेवण्याआधी मालकाला लेखी नोटीस द्यायची, नुकसान झालं तर भरपाई द्यायची. मालक नाही म्हणाला तर कलेक्टरकडे जायचं. मशीन घेऊन आत यायचं नाही.”

“ताई, तुमचं बरोबर आहे,” तो शांतपणे म्हणाला. “पण मालकच हो म्हणाले, मग प्रश्न मिटला ना?”

“बघू तो फोटो,” माय म्हणाली. मोबाईल हातभर लांब धरून ती एकेकावर बोट ठेवत गेली. “ह्ये आमचे मालक. ह्ये भावजी. ह्ये तुमी, तोंडात घास हाय. अन् रानाची मालकीण कुठं हाय?”

आम्ही सगळे वाकलो. फोटोच्या कडेला हिरव्या बांगड्यांचा एक हात होता, भज्जीचा पळा धरलेला.

तलाठी खोकला. “सातबारा बाईंच्या नावावर हाय, सायेब. आदी इचारलं असतं तर सांगितलं असतं.”

“लेकरा, वाढलं म्हंजी रान दिलं का?” माय म्हणाली. “मग तर आमचे सगळे सोयरे मशीन घिऊन येतील.”

“बोअर झाला नाही तर माझ्यावर येतं, मावशी.”

“तुज्यावर येतंय, कळायलंय मला. पर झरा गेला तर माज्यावर येतंय.”

मग ती त्याला रानाच्या वरच्या टोकाला घेऊन गेली. तिथं बरड आहे, विहिरीपासून लांब. काही पिकत नाही. “हितं मारा. पर ज्वारी निघाल्यावर.” मी अटी लिहून काढल्या: नोटीस मायच्या नावानं, आधी आणि नंतर पंचांसमोर विहिरीचं पाणी मोजायचं, नुकसान झालं तर भरपाई. कंपनीनं बरेच दिवस घेतले, पण नोटीस आली. मायनं ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

ज्वारी निघाली. बरडावर सुरुंग उडाला तेव्हा तळपायाला धक्का जाणवला आणि बाभळीवरचे पारवे उडाले. माय विहिरीकडे चालू लागली. आम्ही मागोमाग. ती काठावर ओणवी होऊन कपारीकडे बघत होती. झरा वाहत होता. पंचांनी पाणी मोजलं, आधी होतं तेवढंच भरलं. मायनं बादली सोडली, ओढली, स्वतः प्याली आणि तांब्या भरून सुपरवायझरला दिला.

पाणी पिऊन त्यानं खिशातून मोबाईल काढला. “मावशी, आता तुमचा एक फोटो काढू?”

मायनं पदर सारखा केला. “काढ की,” ती म्हणाली. “पर आदी नोटीस दे.”