अण्णांच्या रानातला टॉवर

आमच्या टीमचे किस्से इतके साठलेत की हिंजवडीच्या टपरीवर एकानं तोंड उघडलं की दुसरा सुरू. तिथं हसतो सगळेच. घरी सांगताना मात्र मान खाली जाते, राव!

आमचं काम म्हणजे नुसते कॉल चालणाऱ्या मोबाइल टॉवरला इंटरनेट जोडायचं. नेट नव्या यंत्रणेवर, कॉल जुन्यावरच. कॉल आला की मोबाइल जुन्या यंत्रणेकडे वळला पाहिजे, ते सेटिंग आम्ही करायचं.

*

माझा जोडीदार सच्या चाकणच्या एका कंपनीत स्पीड दाखवायला गेला. "बघा सर, आमचं नेटवर्क!"

मॅनेजरनं स्क्रीन बघितली. "छान. पण हे आमचं वायफाय आहे."

मागच्या खेपेला पासवर्ड यानंच मागून घेतलेला! बिचारा चहासुद्धा न पिता निघाला.

*

पिंपळे सौदागरला सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी छाती फुगवून म्हणालो, "रेंजची चिंता सोडा, ते काम आमचंच!"

मागून बायको बोलली, "ह्यांना स्वतःला फोन आला की हे गच्चीवर पळतात!"

मी चप्पल शोधायला लागलो.

*

आमचे राणे सर सगळं चॅटवर बोलतात. एकदा त्यांचा मोबाइल चक्क वाजला, तर दचकून म्हणाले, "अरे बापरे, कोण गेलं?"

सगळी टीमच तशी. फोन कोण करतं आता!

*

मोशीला टॉवर अण्णांच्या रानात. सकाळी नेट चालू झालं तसा त्यांनी नारळ फोडला, आम्हाला पिठलं-भाकरी वाढली. लेकीचं दुसरं बाळंतपण, म्हणून ती सासरी, चाकणला. पहाटेच दवाखान्यात नेलेली, डॉक्टर अवघड म्हणतायत, एवढा जावयाचा फोन तेव्हा येऊन गेलेला. अण्णा मोबाइल मांडीवर घेऊन बसलेले.

"जावयाचा फोन यील. रेंज हाय ना, साहेब?"

"एकदम कडक, अण्णा!" सच्या म्हणाला. आम्ही जेवता जेवता व्हिडिओ लावून स्पीड बघत होतो. एक कॉल करून बघावा, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

"वाजंना," अण्णा पुन्हापुन्हा म्हणायचे. त्यांनी भाकरीला हात लावला नव्हता.

तेवढ्यात जावई मोटारसायकलवर आला. "मामा, सकाळधरनं फोन लावतोय, लागतच न्हाई! मुलगी झाली. दोघी बऱ्या हायेत."

कॉल जुन्या यंत्रणेकडे वळवायचं सेटिंगच राहिलं होतं. सच्या माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे.

अण्णांनी डोळे पुसले, जावयानं आणलेला बर्फीचा पुडा सोडला आणि आधी आमच्यापुढं धरला.

"घ्या साहेब, पयली तुमी घ्या. माज्या नातीची बातमी तुमच्याच टावरवरनं यायची व्हती ना!"