हिराची काडी आणि तीन बासऱ्या

माझ्या एका गिऱ्हाइकाला त्याच्या सख्ख्या मोठ्या भावाने फसवलं. बासरीवाल्यांनी नाही, मी नाही, नशिबाने तर मुळीच नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण भाईंदरजवळच्या त्याच्या राई गावात आजही उलटंच सांगतात.

आता तो कसा होता ते ऐका. नवी बासरी हातात घेतली की तो ती लगेच वाजवत नसे. डोळे मिटायचा, सहा भोकांवर सहा बोटं ठेवायचा आणि मागे गिऱ्हाईक ताटकळत असलं तरी तसाच उभा राहायचा. बघणाऱ्याला वाटावं, देवाचं नाव घेतोय. मग डोळे उघडून म्हणायचा, "आधी बोटा बसूं दे, ताय. फुंक काय, कुनीबी मारतो."

भाईंदर पश्चिमेला माझं वाद्यांचं दुकान आहे. जत्रांतून पिपाण्या विकत मी ते उभं केलंय. भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नाही, आणि माझा आवाज चढला की समोरचा चहावाला किटली खाली ठेवून ऐकत बसतो. या माणसासमोर मात्र माझी घासाघीस वाया जायची. मी किंमत सांगितली की तो मान डोलवायचा. एकदा वैतागून मीच म्हटलं, "अरे, काहीतरी कमी कर म्हण की!" तर म्हणाला, "तूच बोल माज्याकडून. तुला बरा जमतो."

तो मिठागरावर कामाला होता. लग्न केलेलं नव्हतं, भावाच्या घरात राहायचा. भजनी मंडळात बासरी वाजवायचा, तीही मोठी, खर्जातली. तिची भोकं लांब लांब असतात, बोटं ताणावी लागतात. म्हणून त्याच्या खिशात कायम झाडूच्या हिराची एक काडी असे. त्यावर निळ्या पेनाने सहा खुणा. उत्तर प्रदेशातल्या पिलिभीतची असो की वसईची, कुणाही कारागिराची बासरी आली की काडी लावून दोन भोकांमधलं अंतर बघायचा. "पिलिभीतवाल्याची बोटा लांब असतील. वसईवाला आपल्यासारका आखूड हाताचा," असं न बघितलेल्या माणसांबद्दल खात्रीने सांगायचा.

त्याची एक फुशारकी होती. मिठागरावर हाताला चीर पडली की मीठ असं झोंबतं की माणूस नाचतो. हा हात पुढे करून दाखवायचा, "बग ही चीर. मना मीठ झोंबत न्हाय. मिठासंगती सोयरीक हाय माजी." चहावाला हसायचा, मी हसायचे. तुम्हीही हसला असता.

आमची नगरपालिका नुकतीच महानगरपालिका झाली होती, त्या सुमारास तो बासऱ्या परत आणू लागला. "शेवटचा भोक सरकलाय, ताय. हवा जाते." मी बदलून दिली. तीही परत आली. माझं डोकं फिरलं. पिलिभीतला फोन लावून त्या कारागिराला झाडलं, "भाईसाब, माल भेजते हो या बांबू?" तो शांतपणे म्हणाला, "बहनजी, छेद तो नाप के ही होता है. बजानेवाले का हाथ देखिए." माझ्या गिऱ्हाइकाच्या हाताला नावं ठेवतो? मी फोन आपटला.

मग मी एकाच पट्टीच्या तीन बासऱ्या मागवल्या. एक पिलिभीतची, एक कोलकात्याची, एक वसईची. त्याला बोलावलं आणि काचेच्या काउंटरवर त्या शेजारी शेजारी मांडल्या, फुंकेची भोकं एका रेषेत. म्हटलं, लाव तुझी काडी. आज चोर पकडूच.

त्याने काडी लावली. पहिल्या पाच भोकांत कुठे कुठे केसाएवढा फरक होता. सहावं भोक तिन्ही बासऱ्यांवर त्याच्या निळ्या खुणेवर बरोबर येत होतं. त्याने काडी उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. "काडी आखूड झाली आसंल," तो म्हणाला. त्याला हसायचं होतं, पण जमलं नाही. वसईची बासरी उचलून त्याने बोटं ठेवली आणि डोळे मिटले.

काउंटरवर गणपतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती जळत होती. मला जळकट वास आला. पाहते तर त्याच्या उजव्या हाताची अनामिका, सहाव्या भोकावर बसायची तीच, उदबत्तीच्या निखाऱ्याला टेकली होती. कातडी जळत होती आणि हा डोळे मिटून भोक शोधत होता.

मी किंचाळले. त्याने डोळे उघडले, आधी माझ्याकडे पाहिलं, मग बोटाकडे. बोट मागे घ्यायचंही त्याला सुचलं नाही. मीच त्याचा हात धरून ओढला. बाही वर सरकली, तर कोपराखाली फिकट चट्टा. लहानपणी आमच्या गावात एक मावशी गोठ्यात राहायची. तिचं ताट काठीने सरकवायचे. तिच्या हातावर असाच चट्टा मी पाहिला होता.

"हे कधीपासून?"

"ताय, बोंबलू नको."

"महारोग आहे तो. आता गोळ्या मिळतात, दवाखान्यात फुकट. माणूस बरा होतो. बोट वाकडं व्हायच्या आत चल."

त्याने बाही खाली ओढली. "पुतनीचा लगीन ठरतंय. दादाला ठावं हाय. तो बोलला, मंडप उतरला का मीच नेतो तुला. तवर बोलायचा न्हाय."

"मंडपापर्यंत रोग थांबणार आहे का? सोमवारी इथे ये. मी येते बरोबर."

"येतंव," तो म्हणाला. जळलेलं बोट त्याने खिशात लपवलं आणि काडी काउंटरवरच विसरून गेला.

सोमवारी मी दुकानाचं अर्धं शटर ओढून वाट पाहिली. तो आला नाही. लग्न झालं, मंडप उतरला, तरी आला नाही. आला तो भाऊ, पिशवीत बासऱ्या घेऊन.

"या ठेवा. काय द्याल ते द्या."

"तो कुठाय?"

"गावाला गेला."

"कुठल्या गावाला?"

भाऊ बासऱ्या मोजत राहिला. तुम्हीच सांगा, हे लोक राईचे. आजा-पणजा राईचा, जमीन राईची, देव राईचा. मुंबईच्या माणसाला गाव असतं. या माणसाला राई सोडून दुसरं गाव कुठलं?

मी ओरडले, चहावाला धावत आला, तोवर भाऊ पिशवी टाकून निघून गेला होता. राईला गेले, तर वहिनीने दार अर्धवट उघडून तेच ऐकवलं, "गावाला." मिठागरावर विचारलं, भजनी मंडळात विचारलं. सगळ्यांचं एकच, बासऱ्या खोट्या निघाल्या, नशीब फुटलं, गावाला गेला; दवाखान्याच्या वहीत तर त्याचं नावच नाही.

पिशवीतल्या प्रत्येक बासरीचं सहावं भोक मेणाने बुजवलेलं आहे. शेजारी तापल्या सळईने पाडलेलं नवं भोक, कडा जळलेल्या. कुठे डावीकडे, कुठे वर. बोट भोकावर बसेना, म्हणून तो भोक बोटाखाली आणू पाहत होता.

त्या मी विकल्या नाहीत. भाऊ आता माझ्या दुकानावरून जात नाही, मागच्या गल्लीने जातो. जा. गल्ली संपते ती याच रस्त्याला. मला बासऱ्यांचा भाव करायचा नाही. धाकट्या भावाला दवाखान्यात नेतो म्हणालास ना? मग चारचौघांत उभा राहा आणि त्या गावाचं नाव सांग.