पेन्सिलीची मिशी

माझी नात सध्या जुन्या फोटोंच्या मागे लागली आहे. रत्नागिरीतल्या घराघरांतले काळे-पांढरे फोटो गोळा करायचे, हलक्या हातानं साफ करायचे आणि माणूस कोण, कुठला, केव्हाचा ते लिहून एका मोठ्या संग्रहात ठेवायचे, असं तिचं काम आहे. पांढरे हातमोजे चढवून ती माझी पत्र्याची ट्रंक उघडायला बसली, तेव्हा मला वाटलं, आता ही माझं पोटच उघडते. पहिलाच फोटो माझा निघाला, लग्नाआधीचा. तिनं तो उजेडात धरला आणि कागदावर लिहिलं, ‘त्या काळच्या स्त्रिया फोटोत हसत नसत.’

मी म्हटलं, “खोड ते आधी!”

हसत नसत म्हणे! अगं, हसण्यापायी माझं लग्न दोनदा मोडलं होतं. पहिल्या स्थळाच्या वेळी मुलाच्या काकांना पोहे खाताना उचकी लागली, ती काही केल्या थांबेना. दुसऱ्या वेळी मला गाणं म्हणायला सांगितलं आणि मी सूर लावताच शेजारचं कुत्रंही गळा काढून साथीला आलं. आता सांगा, यात माझा काय दोष? पण मला एकदा हसू फुटलं की ते माझ्या हातात राहायचं नाही. डोळे मिटायचे, खांदे हलायचे आणि आवाज थेट गोठ्यापर्यंत जायचा. ‘मुलगी थिल्लर आहे’ असा निरोप दोन्हीकडून आला. मी सतरा वर्षांची झाले होते आणि माझ्या पाठीवर दोन बहिणी होत्या. माझं अडलं म्हणजे त्यांचंही अडलं. वडील जेवताना माझ्याकडे बघेनासे झाले, आणि ते मात्र मला फार लागायचं.

एकोणीसशे तीसच्या अलीकडची-पलीकडची गोष्ट. तिसरं स्थळ चिपळूणचं आलं. मुलगा मुंबईला एका कचेरीत कारकून, रजेवर घरी आलेला. त्याची आई भारी कडक. तिनं कळवलं की मुलगी गंभीर हवी, आधी फोटो पाठवा, मगच आम्ही येऊ. सोबत मुलाचा फोटो धाडला होता. आईनं तो डब्यात लपवला आणि आम्ही बहिणींनी तो अर्थातच शोधला. मुलगा खुर्चीवर ताठ बसलेला, अंगात ढगळ कोट आणि दोन्ही ओठ झाकून गालांवर चढलेली ही एवढी जाड मिशी! बहिणी घाबरल्याच. मला मिशी नाही आवडली, पण कान फार आवडले. दोन्ही कान बाहेर आलेले, कुणीतरी मागून हाक मारल्यासारखे. मला हाच मुलगा हवा होता, हे मी कुणाला सांगितलं नाही.

मग माझा फोटो काढायला चिपळूणचाच फिरता फोटोवाला बोलावला. हा मूळचा नाटकाचे पडदे रंगवणारा. आमच्या खळ्यात त्यानं दोन पोफळींना दोरी बांधून राजवाड्याचा आणि हंसांचा पडदा टांगला, कागदी फुलांची फुलदाणी ठेवली, मला काकूच्या शालूत आणि आत्याच्या नथीत खुर्चीवर बसवलं. “फोटोची ही शेवटची काच आहे,” तो म्हणाला. “मी सांगेपर्यंत हलायचं नाही.” एवढं बोलून तो काळ्या फडक्याखाली शिरला.

आणि गोठ्यातली आमची पाडी, गाईची कालवड, सुटली. ती शांतपणे त्याच्या मागे आली आणि त्याच्या धोतराचा सोगा चघळायला लागली. तो बिचारा फडक्याखालून एका पायानं मागे लाथा झाडतोय आणि पुढे मला बजावतोय, “हलू नका! अजिबात हलू नका!” सोगा सुटत चालला. वडील पाठमोरे उभे होते, त्यांना काही दिसत नव्हतं. मी गाल आतून चावला, नखं तळव्यात रुतवली. पण फडक्याखालून जेव्हा “अहो, गाईला तरी सांगा!” असा केविलवाणा आवाज आला तेव्हा संपलं सगळं.

आठ दिवसांनी फोटो आला. फुलदाणी स्वच्छ, हंस स्वच्छ, शालूची जर मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. फक्त माझा चेहरा हललेला होता. तिथं फोटोवाल्यानं पेन्सिलीनं नवे डोळे आणि मिटलेले ओठ काढून दिले होते. नाटकाच्या पडद्यांवर त्यानं देवीच रंगवल्या होत्या, त्यामुळे त्याला एकाच तऱ्हेचे डोळे येत. महिषासुर पायाखाली असताना देवी ज्या डोळ्यांनी बघते, त्या डोळ्यांनी मी खुर्चीवर बसून समोर बघत होते. आई म्हणाली, “अगोबाई!” वडील बराच वेळ फोटो न्याहाळत राहिले आणि म्हणाले, “पाठवून द्या.”

उलट टपाली उत्तर आलं. मुलगी पसंत, अशीच करारी हवी होती, बघायला येतो.

झालं! आता मला त्या डोळ्यांना जागायचं होतं. आईनं ताकीद दिली, “वर बघूच नकोस गो. जमिनीकडे बघ आणि मेलेल्या माणसांची आठवण काढ.” मी तेच केलं. चिपळूणची मंडळी ओटीवर बसली, मी पोहे दिले, पाटावर बसले, विचारलं तेवढंच बोलले, सुईत दोरा ओवून दाखवला. कडक बाई मान डोलवत होत्या. माझे वडील फुलून गेले होते. अगदी निभावलं होतं मी.

तेवढ्यात वडिलांनी त्या बाईंशेजारी बसलेल्या सडपातळ, गुळगुळीत पोराला पोह्यांची बशी पुढे केली आणि प्रेमानं विचारलं, “आणि थोरले बंधू? ते मागच्या मोटारीनं येतायत वाटतं?”

मी हळूच वर पाहिलं. त्या पोराचा हात आपोआप वरच्या ओठाकडे गेला होता. तिथं काहीच नव्हतं. कान मात्र तेच होते.

मी हसले. हसले म्हणजे काय, पाटावरून कलंडले. डोळे मिटले, नथ निसटली, गोठ्यातून पाडीनं ओ दिली. बाई ताडकन उठल्या. पिशवीतून माझा फोटो काढून माझ्या तोंडाशेजारी धरला आणि ओरडल्या, “मुलगी बदललनी हो ह्यांनी! ही ती नव्हेच!”

वडील आत गेले, डब्यातला फोटो घेऊन आले. “मग हाही तो नव्हे,” ते म्हणाले.

दोन्ही फोटो पाटावर शेजारी ठेवले गेले. तोच राजवाडा, तेच हंस, तीच फुलदाणी. आणि तीच पेन्सिल. पोरगेला दिसतो म्हणून बाईंनी स्वतःच सांगून मिशी रेखून घेतली होती. मुलगा वाकला, थुंकी लावून अंगठा मिशीकडे नेला, तशी बाईंनी फाटदिशी त्याच्या हातावर मारलं. “राहू दे! शोभते ती.”

मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, “आई, मिशी मी वाढवीन. पण हिला ते डोळे लावायला सांगू नको.”

माझं हसू तिथंच थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा आपणहून थांबलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे. वडिलांनी खांबाला हात टेकला होता. शेवटी बाई म्हणाल्या, “हसायचं ते स्वैपाकघरात. ओटीवर नाही चालायचं.”

असं माझं लग्न ठरलं. मिशी काही धड कधी आलीच नाही. आणि सासूबाई मात्र ताक हवं, मीठ हवं असल्या निमित्तानं स्वैपाकघरात येऊन बसायच्या आणि माझ्याहून मोठ्यानं हसायच्या.

नातीनं हे सगळं ऐकलं आणि ट्रंकेतून ह्यांचा तो फोटो काढला. ह्यांचा तरुणपणीचा तेवढा एकच. हे जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण मी तो कधी भिंतीवर लावला नाही. त्यात हे नव्हतेच. मिशीतला कुणी परका माणूस होता.

“आजी, पेन्सिल वरवरची आहे. कापसानं निघेल. काढू?”

मी आधी सासूबाईंसारखी तिच्या हातावर मारणार होते. मग म्हटलं, “काढ.”

तिनं हळूहळू कापूस फिरवला. मिशी गेली. खालचा ओठ दातांत धरलेला दिसला, गाल फुगलेले. हसू दाबून धरलं होतं ह्यांनी! चिपळुणातही त्या फोटोवाल्याच्या मागे कुणाची पाडी लागली होती की काय, कोण जाणे. मला रडूच आलं, इतक्या वर्षांनी ते असे अचानक भेटले म्हणून.

मग तिनं माझे डोळे पुसले. फोटोतले, ओठांसकट, आणि मग खरेही. फोटोत पेन्सिलीखाली नुसता धुरकट पांढरा ढग राहिला, त्यात मिटलेल्या डोळ्यांच्या दोन रेघा आणि उघडं तोंड.

“आता लिही,” मी म्हटलं. “दोघंही हसत होते.”