हेव्याची साक्ष

व्यंकटराव औरंगाबादच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत. मूळचे पाचोडचे. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर गावात एक अफवा उठली आणि तिच्यापायी शेजारच्या निरपराध शिंप्याला परागंदा व्हावं लागलं, हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. तेव्हापासून "पुरावा काय?" हा प्रश्न त्यांच्या जिभेवरच असे.

मग त्यांच्या विभागात मधुसूदन रुजू झाला. वयानं लहान, वाणी गोड. व्यंकटरावांच्या तासाला मुलं जांभया देत. मधुसूदनच्या तासाला इतर वर्गांतली मुलंसुद्धा खिडकीशी उभी राहत. भिंतीपलीकडून हशा आला की व्यंकटरावांच्या हातातला खडू मोडे.

"नुसता उथळपणा!" ते घरी म्हणत.

"कधी ऐकलंय का त्यांना?" त्यांची बायको उमा विचारी.

एका वर्षी परीक्षेचा पेपर फुटला. तो मधुसूदननं काढलेला होता, आणि सापडला त्याच्याच लाडक्या विद्यार्थ्याजवळ. बातमी ऐकताच व्यंकटरावांना वाटलं, हाच तो! जिवाला इतकं गार वाटलं, की ते स्वतःच दचकले.

प्राचार्यांनी दोघांना बोलावलं. "व्यंकटराव, तुम्ही विभागप्रमुख. तुमचं मत?"

"मला वाटतं, ह्यांनीच फोडला."

मधुसूदनचा चेहरा उतरला.

"पण माझं मत धरू नका, साहेब," व्यंकटराव खाली बघत म्हणाले. "काही तपासायच्या आधीच मला ते पटलं होतं. मला ह्यांचा हेवा वाटतो. लई वाटतो. ज्याला एखादी गोष्ट खरी ठरायला हवी असते, त्याची साक्ष घेऊ नये."

"मग करायचं काय?"

"छापखान्यात चौकशी करा. तोवर ह्यांना काढू नका."

चौकशीत निघालं, पेपर छापखान्यातल्या एका माणसानं विकला होता. मुलांनी मधुसूदनला हार घालून कॉलेजच्या आवारभर मिरवलं. व्यंकटराव गॅलरीतून बघत होते.

"आता तरी बरं वाटतंय ना?" रात्री घरी उमानं विचारलं.

"नाही गं. तो निर्दोष निघाला, आणि मला ते आवडलं नाही."

पुढं काही वर्षांनी प्राचार्यपदासाठी नाव सुचवायची वेळ आली. कामाचा सगळा हिशेब बघून व्यंकटरावांनी मधुसूदनचंच नाव सुचवलं. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.