बाईची वाट

रविवारी सकाळी मी सेनगावकडच्या डोंगरात सायकल घेऊन जाते. जंगलातला मुरमाचा चढ, जाड टायर आणि पन्नाशीतली मी. आमच्याकडं चढावर घाम गाळणारं माणूस दिसलं की त्याला गाडीत घेतल्याशिवाय कुणी पुढं जात नाही. एक ट्रॅक्टरवाला दर खेपेला थांबायचा. "ताई, तकलीफ काहून घेऊन राहिल्या? टाका सायकल ट्रॉलीत." मी हौसेनं चालवते म्हटलं तरी त्याला पटायचं नाही. एकदा तर त्यानं उतरून सायकल उचललीच. मी अशी खेकसले की ट्रॉलीतल्या बायाही चिडीचूप झाल्या. त्यानंतर तो थांबायचा बंद झाला. खोटं कशाला बोलू, मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

परवा माथ्यावर नांदेडची सायकलवाली पोरं भेटली. रस्ता कसा सापडला, विचारलं.

"खाली फाट्यावर एका ट्रॅक्टरवाल्यानं सांगितला," एकजण म्हणाला. "डावीकडची गुरांची वाट, उजवीकडची बाईची. बाईच्या वाटेनं जा म्हणला. पण चढावर सायकलवरून उतरायचं न्हाई, ती उतरत न्हाई."