पेटीखालची फळी

‘गळ्यात तुळशीची माळ आणि पेटीखाली मटणाची फळी!’ सुरतेच्या नवागामातील आमच्या मंडळाच्या शोकसभेत हे वाक्य उच्चारले गेले आणि लोक हसले. शोकसभेत हसले! जिच्या हातच्या भाकरी खाऊन यांनी लूमवर पाळ्या केल्या, तिच्यावर. मी उठणारच होतो. मुलाने सदरा धरून बसवले. म्हणून आता लिहितो.

नव्वदच्या दशकात मी चाळीत तिच्या समोरच्या खोलीत राहत असे. सारे तिला मावशी म्हणत. बाई खानदेशची, माळकरी. लूमकामगारांची खानावळ चालवी. त्या काळात घरोघरी ओटे झाले, बायका उभ्याने सुरीने चिरू लागल्या आणि बाजारात चिरायच्या फळ्यांचे ढीग लागले. दुकानदार हाक मारी, "मासी, फळी लई जाव ने!" ती मान उडवून म्हणे, "माले काय करनी? मनी इळी शे ना!" आणि खरेच, एक पाय विळीवर रोवून ती बसली की खानावळीची भाजी बघता बघता चिरून होई.

अशी बाई एके दिवशी स्वतःहून फळी निवडायला निघाली. मी चकित होऊन बरोबर गेलो.

त्याचे कारण तिच्या शेजारच्या खोलीत होते. तिथला तरुण हॉटेलात आचारी. त्याची बायको बाळंतपणात खंगली होती. डॉक्टरांनी मटणाचे सूप द्यायला सांगितले होते. चाळीत मात्र मांसाहाराला सक्त बंदी. उघडकीस आले की बिऱ्हाड रस्त्यावर. भांडी घासून स्वच्छ होतात, लाकडात मुरलेला डाग जात नाही. तेव्हा फळी माळकरणीच्या घरी ठेवायची, हे मावशीनेच ठरवले. तिच्यावर संशय कोण घेणार?

दुकानदाराने चिंचेचा जाड ठोकळा पुढे केला. बरोबर आलेला आचारी खूश. "मावशी, यावर हाडसुद्धा तुटतं!"

"हाड तुटी रे, पन हाई मनी पेटीखाले जाई का, येड्या?"

तिने ठोकळा बाजूला सारला, एकेका फळीची जाडी बोटांनी मोजली आणि सर्वांत पातळ फळी उचलली.

पुढे एकदा वास सुटला आणि घरमालक खोल्या तपासत आला. मावशीची पेटी सरकवून त्याने ती डागाळलेली फळी बाहेर ओढली.

"मासी, आ कोनुं छे?"

"मारुं छे, शेठ."

सारी चाळ दारात उभी होती. जुनी भाडेकरू म्हणून तिची खोली राहिली, नाव गेले. माळकऱ्यांनी तिच्याकडे जेवणे सोडले. मी तावातावाने तिच्या घरी गेलो, तर उलट मलाच दटावले, "शेजारमा बायतीन शे. तू काहीच बोलू नको, भाऊ." ती होती तोवर मी बोललो नाही. ते जोडपे केव्हाच सुरत सोडून गेले. आता ती स्वतःही गेली. आता मला कोणी गप्प बसवू नये.

‘तिने स्वतःच कबूल केले होते,’ हा तुमचा एकमेव पुरावा. तर मग दारात उभ्या असलेल्या सगळ्यांनी जे पाहिले, तेच आठवा. आचारी आपली सुरी फडक्यात गुंडाळून रोज हॉटेलात नेत असे. घरमालकाने त्या दिवशी मावशीची खोली उलटीपालटी केली, पिठाचे डबेसुद्धा पालथे घातले. फळी सापडली. विळी सापडली.

त्या घरात सुरी नव्हती.