साडू आणि दारचा आंबा

अख्ख्या जुन्नर-आंबेगावात दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवण्यात माझ्या साडूंचा हात धरणारा कोणी नाही. राहायला शिनोलीला, धंदा झाडं छाटायचा आणि पाडायचा. दोर, कोयते, पेट्रोलची करवत, सगळं साहित्य कसं झकपक. पण कोणी झाड पाडायला बोलावलं, की ह्या गृहस्थाच्या कपाळाला आठी पडलीच. माझी मेव्हणी वैतागून म्हणते, "हलवायानं गोड खाऊ नका म्हणून सांगत फिरावं, तसं चाललंय ह्यांचं."

त्यांची रीत अशी, की काम घ्यायच्या आधी मालकाला त्याच झाडाखाली तासभर बसवायचं. एकट्याला, मोबाइल काढून घेऊन. खोडदच्या एका बागायतदाराला पाल्याचा कचरा होतो म्हणून दारची चिंच नको होती. तो बसला, टेकला आणि चक्क घोरायला लागला. उठल्यावर चहा घेऊन जा म्हणाला, चिंचेचा विषयच काढला नाही. एका बंगलेवाल्याला गच्चीतून डोंगर दिसावा म्हणून शिरीषाचा शेंडा उडवून हवा होता. त्याला म्हणाले, "शेंडा मारला की झाड आतनं कुजतं. तुमी अजून एक मजला चढवा, राव." एकदा तर लग्नाच्या मांडवाला आड येणारी फांदी तोडायला चढले नि वरूनच सांगितलं, "कावळीण बाळंत झालीय. सव्वा महिन्यानं बोलवा." मांडव फांदीला वळसा देऊन घालावा लागला. नवरदेवाचे मामा अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

आमच्या नारायणगावच्या घरासमोर वडिलांनी लावलेला आंबा होता. वडील गेल्यापासून आई दुपारभर त्याच्या बुंध्याशी खुर्ची टाकून बसायची. गेल्या साली वारा नसताना एक फांदी मोडून पडली, म्हणून मी साडूंना बोलावलं. थोडी छाटणी करून देतील, आणि पाडायचं तर हा माणूस जन्मात सांगणार नाही, अशा हिशेबानं मी निर्धास्त. त्यांनी लाकडी हातोडीनं बुंधा ठोकला, कान लावला, पुन्हा ठोकला. मला काही खाली बसवलं नाही. उलट आईची रिकामी खुर्ची उचलून स्वतः ओट्यावर नेऊन ठेवली.

"पोकळ हाय," म्हणाले. "पाडावं लागंल."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, जगाची झाडं वाचवता आणि घरच्याच माणसाच्या मुळावर उठलात? फांद्या हलक्या करा, दोन वर्षं तरी काढेल. त्यावर शांतपणे म्हणाले, "फांद्या काढल्या की तुमचं समाधान व्हईल. पण मग आईला खाली बसू द्यायचं का न्हाई, त्ये तुमी सांगा." नुसत्या छाटणीला ते हात लावेनात. शेवटी मला तसंच सोडून ते घरात आईसमोर जाऊन उकिडवे बसले. त्यांना इतकं अडखळत बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाड बाबा. तू पाडायचं म्हणतुस, म्हंजी इलाज न्हाई."

दुसऱ्या दिवशी आंबा पाडला. बुंध्यात माणूस मावेल एवढी पोकळी निघाली. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. साडू मात्र 'बघा, म्हटलं नव्हतं' असं चुकूनही बोलले नाहीत. दोर गुंडाळताना त्यांचे डोळे लाल दिसत होते, ते काही भुशानं नव्हे. जेवायलाही थांबले नाहीत. फटफटीला किक मारता मारता एवढंच म्हणाले, "दुपारचं आईला एकटं ठिवू नका, पावणं."

ठेवत नाही. पण दारात आता ऊन फार येतं.